ताई टापूवरचा हिरवा रंग

चंद्रहास कारखानीस हा माणूस काळजी करायलाच जन्माला आला आहे, असं त्याची बायको विभावरी म्हणे, आणि ती फार्मासिस्ट असल्यामुळे तिच्या म्हणण्याला निदानाचं वजन येई. पुण्यात कर्वेनगरला असताना हा गृहस्थ कुलूप लावून जिना उतरला, की गॅस बंद केला का ते बघायला परत वर जायचा. गॅस बंदच असायचा. मग खाली येऊन स्कूटरला किक मारताना त्याला वाटायचं, बघायला गेलो तेव्हा चुकून चालू तर केला नाही ना? बिल्डिंगमधली पोरं त्याला "काका, गॅस!" असं ओरडून चिडवायची, आणि काका खरोखर थांबायचे.

२०१२ साली हे कुटुंब ख्राइस्टचर्चला आलं. भूकंपाने शहर खिळखिळं झालेलं, जमीन अजून अधूनमधून थरथरत होती, आणि पलंगाखाली बूट ठेवा, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, टॉर्च उशाशी घेऊन झोपा, असं सरकारच लोकांना बजावत होतं. चंद्रहासला आयुष्यात प्रथमच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. कर्वेनगरात ज्याला वेड म्हणत, तेच इथे जबाबदार नागरिकाचं लक्षण ठरलं होतं.

पण भूकंप, गॅस हे सगळं वरवरचं. त्याच्या काळजीचं खरं माहेरघर म्हणजे त्याची मुलगी इरावती. तिला लहानपणापासून दमा. आली तेव्हा दहा वर्षांची होती. बघता बघता पंधरा वर्षांची, बापापेक्षा उंच आणि बापापेक्षा शंभरपट निर्धास्त अशी मुलगी झाली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र अर्धंअधिक इंग्रजीत. शाळेचा कॅम्प म्हटला की चंद्रहास म्हणे नाही. मैत्रिणीकडे शेकोटी म्हटली की नाही. धुकं असेल तर नाही, परागकण उडत असतील तर नाही. तिच्या दप्तरातला निळा इनहेलर तो रोज सकाळी चाचपून बघायचा, आणि ती रोज सकाळी डोळे फिरवायची.

"बाबा, यू ऑलवेज से नो," एकदा ती वैतागून म्हणाली. "तू डेटावाला ना? मग डेटा दाखव. डेटा नाही म्हणाला तर आय वोन्ट गो. पण तुला नुसतं वाटतं म्हणून नाही, दॅट्स नॉट फेअर."

चंद्रहासला हे पटलं. खरं तर तो जरा सुखावला. आपल्या कामाला पोरीने पहिल्यांदाच काही किंमत दिली होती.

काम त्याचं असं. शहराच्या हॉर्नबी उपनगरात टायरच्या दुकानामागे दोन खोल्यांचं एक ऑफिस होतं. मालक मरे, चंद्रहास आणि आणखी दोघं. उपग्रहांनी पाठवलेली माहिती उतरवून घ्यायची आणि शेतकऱ्यांना, द्राक्षमळेवाल्यांना समजतील असे नकाशे करून द्यायचे: कुठे ओल किती, कुठे धूर किती. धुराचं काय मोठंसं, असं वाटेल. पण उन्हाळ्याच्या शेवटी कँटरबरी प्रांतातले शेतकरी कापणीनंतरचे खुंट जाळतात, तो धूर पिकत्या द्राक्षांवर बसला तर वाइनला राखेची चव येते, आणि मळेवाला रडकुंडीला येतो. म्हणून धुराचा नकाशा. हिरवा म्हणजे हवा स्वच्छ, मग पिवळा, मग लाल.

आता उपग्रहाला काही नाक नसतं. तो शेकडो किलोमीटर उंचीवरून खाली बघतो, हवेतल्या कणांनी सूर्यप्रकाश किती विखुरला ते टिपतो, आणि त्यावरून खाली धूर किती असेल याचा अंदाज बांधायचा असतो. ढग आला की खालचं काही दिसत नाही. मग ढगाचा तेवढा तुकडा गाळायचा आणि नकाशावर ती जागा कोरी सोडायची, हा या धंद्यातला साधा नियम. पण कोरी जागा गिऱ्हाइकांना सोसवेना. "माझ्या मळ्याला भोक का पडलंय? पैसे कशाचे घेता?" असे फोन मरेला येऊ लागले. मरेने सांगितलं, भरून टाक. चंद्रहासने प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या: जिथे आजचं मोजमाप नाही, तिथे शेवटचं जे असेल ते दाखव. फोन बंद झाले. आणि खरं सांगायचं तर कोरी जागा चंद्रहासलाही बघवत नसे. ज्याला जिन्यावरून दोनदा वर जावं लागतं, त्याला 'माहीत नाही' या उत्तरासारखं दुसरं दुखणं नाही. भोकं बुजली तेव्हा त्याला छान झोप लागली, आणि पुढे त्या दोन ओळी तो साफ विसरून गेला.

२०१७च्या फेब्रुवारीत पोर्ट हिल्सना आग लागली.

शहराच्या दक्षिणेला कोरड्या पिवळ्या गवताच्या त्या टेकड्या. पहिल्या दिवशी हॉर्नबीतून दोन बारीक धुराच्या रेघा दिसल्या आणि लोक म्हणाले, विझेल. ती विझली नाही. दोन आगी एकमेकींना जाऊन मिळाल्या. हेलिकॉप्टरं बादल्या लोंबकळवत दिवसभर घिरट्या घालू लागली, टेकड्यांवरची घरं रिकामी करायला लावली, आणि संध्याकाळी विभावरी वाळत घातलेले कपडे काढायला गेली तर टॉवेलवर काळ्या राखेचे तुकडे. चंद्रहासची जेवणावरची वासना उडाली. तो दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन टेकड्यांकडे बघे, मग कॉम्प्युटरशी येऊन नकाशाकडे बघे. खिडक्यांच्या फटींत त्याने ओले टॉवेल खोचून ठेवले. घराला दवाखान्याची कळा आली.

इराच्या शाळेने त्या गुरुवारी सुट्टी दिली आणि सकाळीच तिच्या मैत्रिणीचा, हॉलीचा, फोन आला. हॉलीचं घर टेकड्यांच्या पायथ्यापलीकडे, ताई टापू नावाच्या गावाला. तिथे त्यांचं मोठं कुरण. डोंगरउतारावरच्या लोकांचे घोडे रात्रीतून हलवले होते, ट्रेलरमागून ट्रेलर त्यांच्या दारात येत होते, आणि बिथरलेली जनावरं सांभाळायला हात कमी पडत होते.

"दे नीड मी, बाबा," इरा म्हणाली. "घोडे घाबरलेत."

चंद्रहासच्या तोंडात 'नाही' तयारच होतं. पण ती दारात उभी राहून म्हणाली, "डेटा."

"दुपारी येईल," तो म्हणाला. "उपग्रह सकाळी उशिरा डोक्यावरून जातो. मग बघू."

तो ऑफिसात गेला आणि माहिती उतरेपर्यंत त्याने नुसतं पेन उघडबंद केलं. जेवायच्या सुमाराला नकाशा पडद्यावर उमटला. टेकड्यांच्या माथ्यावर लाल, त्याच्या कडेने पिवळा, आणि ताई टापू हिरवंगार. त्याने मोठं करून पाहिलं. हिरवं. बाजूच्या हॅल्सवेलचाही मोठा तुकडा हिरवा. त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. आपण विनाकारण पोरीचा जीव खातो, विभावरी म्हणते ते खोटं नाही, असं त्याला वाटलं आणि त्याने स्वतः होऊन फोन लावला.

"इरा, हिरवं आहे. जा तू."

"सीरियसली?"

"सीरियसली. इनहेलर घे. हवा स्वच्छ आहे तिकडे, मी बघितलंय."

"बाबा! यू आर द बेस्ट!"

असं ती त्याला यापूर्वी कधी म्हणाली होती, हे त्याला आठवेना. त्याने विभावरीलाही फोन करून सांगितलं. ती काउंटरवर घाईत होती, तरी हसली. "तू हो म्हणालास? अरे, तारीख लिहून ठेवते." चंद्रहासने त्या दुपारी मरेसाठीसुद्धा कॉफी केली.

दोनतीन तास गेले असतील. विभावरीचा फोन आला.

"चंदू, तुझा नकाशा पुन्हा बघ."

"का? काय झालं?"

"आज नुसती इनहेलरची रांग आहे दुकानात. हॅल्सवेलची माणसं, त्याच्या पुढची माणसं. आत्ता एक आजी आल्या, त्यांना धड नाव सांगता येईना, खुर्चीत बसवून मीच पंप मारला. कुठून आल्या विचारलं, तर ताई टापू म्हणाल्या. इरा फोन उचलत नाहीये."

"पण तिथे हिरवं आहे गं."

"असेल. त्या आजी हिरव्या नव्हत्या."

चंद्रहासने नकाशा उघडला. हिरवं. रंग तसूभर हलला नव्हता. मग त्याने एक गोष्ट केली जी इराला हो म्हणण्याआधीच करायला हवी होती: नकाशा बाजूला सारून त्याच्या पोटातली मूळ फाइल उघडली. ताई टापूवर आकडाच नव्हता. हॅल्सवेलच्या त्या तुकड्यावरही नव्हता. तिथे नुसती खूण होती: ढग.

ढग? तो उठून दारात गेला. डोक्यावर उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ, सकाळपासून ढगाचा पुंजकाही नाही. आणि दक्षिणेला, टेकड्यांच्या पलीकडून ताई टापूच्या दिशेने सरकणारा तो भलामोठा, दाट, पांढुरका ढीग. इतका दाट, की वरून बघणाऱ्याला तो ढगच वाटावा.

धूर विरळ होता तिथे यंत्राने तो ओळखून लाल दाखवला होता. जिथे सगळ्यात दाट होता, तिथे त्याला ढग समजून गाळून टाकलं होतं. आणि गाळलेल्या जागी चंद्रहास कारखानीसाच्या त्या दोन ओळींनी इमानेइतबारे धूर तिथे पोचण्याआधीची स्वच्छ हवा आणून भरली होती. सगळ्यात वाईट जागा नकाशावर सगळ्यात हिरवी होती. आणि तिथे त्याने स्वतःच्या हाताने पोरीला पाठवलं होतं.

मरे मागून काहीतरी विचारत होता. चंद्रहास गाडीत बसला होता.

हॉर्नबी ते ताई टापू ही काही लांबची वाट नाही. पण त्या दिवशी निम्मे रस्ते बंद. एका वळणावर नारिंगी जाकिटातल्या माणसाने त्याला अडवलं, नम्रपणे दुसरा रस्ता दाखवला, आणि त्या नम्रपणाचा चंद्रहासला असा संताप आला की त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाच्या अंगावर हॉर्न वाजवला. तो फोन लावत होता. रिंग जात होती. इरा नेहमीच फोन उचलत नाही, घोड्यांजवळ कोण फोन घेऊन उभं राहतं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि स्वतःचंच त्याला खरं वाटत नव्हतं. इतकी वर्षं त्याने हजार संकटं मनात रंगवली होती. भूकंप, पूर, अपघात, साप. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत हे माहीत असूनही साप. त्यांतल्या एकाही संकटात दोष त्याचा स्वतःचा नव्हता. हे त्याने कधी कल्पिलंच नव्हतं.

हॅल्सवेल ओलांडल्यावर उजेड बदलला. आधी पिवळट, मग तपकिरी. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे भर दुपारी लागलेले. बंद काचांतूनही वास आत आला आणि त्याचा स्वतःचा घसा धरला. तिच्या छातीत काय होत असेल, हा विचार त्याने अर्ध्यावरच तोडला.

कुरणाच्या फाटकाशी ट्रेलरची रांग होती. धुरात घोडे सावल्यांसारखे हलत होते. हॉलीची आई जेनीन ओढणीसारखं फडकं तोंडाला बांधून बादल्या उचलत होती. त्याला बघून तिने हात केला.

"इज इट गेटिंग वर्स?" तिने विचारलं. "इरा म्हणाली, तुम्ही सॅटेलाइटवरून चेक केलंय, इट्स क्लिअर हिअर. म्हणून आम्ही चालू ठेवलं. शेजारचेही त्यामुळे थांबले."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं. चंद्रहासला तिच्याकडे बघवेना.

"इरा कुठेय?"

ती शेडमागे गवताच्या गठ्ठ्यावर बसली होती. पुढे वाकून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांशी आलेले. ही बसण्याची तऱ्हा चंद्रहासला पाठ होती. लहानपणी अशी बसली की तो तिला उचलून रिक्षात घालायचा. चेहऱ्याचा रंग उडालेली हॉली शेजारी बसून तिची पाठ चोळत होती. इराच्या मुठीत निळा इनहेलर होता. चंद्रहासने तो घेऊन हलवला. आत काही उरलं नव्हतं.

"इरा, बाळा, बोलू नकोस. चल."

पण ती बोलली. एकेक शब्द ओढून काढावा तशी.

"आय वॉज कॉफिंग... सिन्स आय गॉट हिअर. पण तू म्हणालास... हिरवं. सो आय थॉट... इट्स जस्ट मी."

त्याने तिला उचलली. पंधरा वर्षांची, त्याच्यापेक्षा उंच मुलगी, आणि त्याला ती जड लागली नाही. जेनीनला त्याने ओरडून सांगितलं, "माझं चुकलं! इट्स नॉट क्लिअर! सगळ्यांना घेऊन निघा इथून!" जेनीनने हातातली बादली तिथेच टाकली.

हॉस्पिटलात तिला ऑक्सिजन लावला, वाफ दिली, शिरेतून औषध दिलं. विभावरी दुकानाचा पांढरा कोट न काढताच धावत आली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. हे वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं असणार. चंद्रहासला ते चपराकीसारखं लागलं. इराचे खांदे हळूहळू खाली आले, ओठांना रंग आला, आणि ती झोपली, तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीशी उभा राहिला आणि रडला. येणारेजाणारे बघत होते, त्याची त्याला शुद्ध नव्हती.

विभावरी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ती चिडेल अशी त्याची अपेक्षा होती, इच्छाही होती.

"मीही तुला काही विचारलं नाही रे," ती म्हणाली. "मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, एकदा तरी हा माणूस हो म्हणाला."

"उपग्रहाने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "त्याला दिसत नाहीये, हे त्याने नीट सांगितलं होतं. मीच त्याच्या तोंडात शब्द घातले."

इरा दोन दिवसांनी घरी आली. सोमवारी चंद्रहासने ऑफिसात जाऊन त्या दोन ओळी पुसल्या आणि कोऱ्या जागांना राखाडी रंग दिला. मरे म्हणाला, "मेट, गिऱ्हाइकं बोंब मारतील." एरवी मरेचा आवाज जरा चढला की चंद्रहास गोगलगाईसारखा आत जायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "मारू देत. मला दिसत नाही तिथे मी रंग देणार नाही. तुला हवा असेल तर तू दे, आणि खाली तुझं नाव लिही." मरेने नाव लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. ताई टापूच्या त्या शेजाऱ्यांकडेही तो जाऊन आला. कुणी त्याला बोल लावला नाही, चहा मात्र पाजला.

आग विझली. टेकड्या काळ्या पडल्या होत्या, त्यांवर बारीक हिरवळ धरायला लागली. मार्चमध्ये एका शनिवारी हॉलीने पुन्हा बोलावलं, घोडे आता आपापल्या घरी निघाले होते. इराने बॅग भरली आणि स्वयंपाकघरात आली. चंद्रहास लॅपटॉपपुढे बसला होता. त्याने मूळ फाइल पाहिली होती, नकाशा पाहिला होता, विभावरीला दुकानात फोन करून रांग नाही याची खात्री केली होती.

"हवा चांगली आहे आज," तो म्हणाला. "तिकडे खरोखर मोजलंय. आकडा आहे."

"ओके," इरा म्हणाली.

ती मागच्या दारातून लाकडी डेकवर गेली. तिथे उभी राहून तिने डोळे मिटले आणि सावकाश श्वास आत घेतला, छाती भरेपर्यंत. थांबली. सोडला. पुन्हा घेतला. तिचा एक हात गळ्याखाली होता, जसा डॉक्टर ठेवतात तसा. मग ती आत आली, इनहेलर खिशात आहे का ते स्वतःच चाचपलं, आणि "सी या, बाबा" म्हणून निघाली.

चंद्रहास काचेतून बघत राहिला. त्याला बरं वाटलं आणि आतून तुटल्यासारखंही झालं, आणि यांतलं कुठलं जास्त, ते त्याला सांगता आलं नसतं. नकाशा त्या दिवशी अगदी खरा होता. तो तिला पुन्हा दाखवायला म्हणून त्याने लॅपटॉप अर्धवट उचललाही होता, पण ती फाटकाबाहेर पडली होती. त्याने तो खाली ठेवला.